सहा मिनिटांचं स्वप्न: दांडिया बाजारातल्या वाड्यातल्या प्रकल्प नोंदी

घरच्या घरी, फोनवर, स्वप्नासारखा लघुपट करायला निघालेल्यांसाठी या नोंदी. मी हिशेबाची नोकरी करतो, रविवार तेवढे मोकळे. मंडळी चारच. कॅमेऱ्यावर आतेभाऊ, जो लग्नांची शूटिंग करतो (हे पुढे महागात पडलं). चित्रं आणि सामान ताईकडे, म्हणजे त्याची मोठी बहीण, बडोद्याच्याच फाइन आर्ट्सला शिकलेली. पडद्यावर आत्या, वय ६८, आयुष्यात कधी नाटकातही उभी राहिलेली नाही. जागा तिचाच वाडा, बडोद्याच्या दांडिया बाजारातला. इथल्याच प्रसिद्ध तांबेकरांच्या वाड्यासारखी भित्तिचित्रं वगैरे काही नाहीत. एक चौक, लाकडी जिना, वर गॅलरी आणि निम्म्या खोल्यांना कुलूप. वर्षभरात वाडा पाडायला जाणार आहे. ठरवलेलं बजेट ५,००० रुपये.

१ डिसेंबर २०२४, रविवार

उशाशी वही ठेवून आठ दिवस झाले. हाती आलेली स्वप्नं: शून्य. स्वप्नं पडतात, पण गजर बंद करायला फोन उचलला की वर तीन मेसेज दिसतात आणि पाटी कोरी. आजपासून फोन बाहेरच्या खोलीत, उशाशी किल्लीचं जुनं घड्याळ, गजर पहाटे पाचचा. रात्र सरत जाते तसे बुबुळं हलण्याच्या झोपेचे टप्पे लांबत जातात आणि रंगीत, ठसठशीत स्वप्नं बहुतेक त्यातच पडतात, म्हणून पहाट. ही झोप १९५३ साली शिकागोत पहिल्यांदा नोंदवली गेली. १९२९ साली ‘अँ शिएँ आंदालू’ हा स्वप्नासारखा लघुपट करणाऱ्या बुन्युएलला तिचा पत्ता नव्हता आणि त्याचं काही अडलंही नाही.

पेन घेऊ नका. उताणं पडून लिहिताना बॉलपेनची शाई उतरत नाही. माझ्या वहीत सहा ओळी नुसत्या ओरखड्यांच्या आहेत. शिसपेन्सिल घ्या आणि दिवा न लावता लिहा. अक्षर वाईट येतं, चालतं.

१५ डिसेंबर, रविवार

११ स्वप्नं जमली. ताईने वाचली आणि म्हणाली, "अरे, या तर बोधकथा झाल्यात." खरं होतं. ‘जिना संपत नव्हता म्हणून मला उशीर झाला’ असं मी लिहिलं होतं. स्वप्नात जिना होता आणि उशीर होता. मधला ‘म्हणून’ मी जागेपणी घातला. फ्रॉइडच्या स्वप्नांवरच्या पुस्तकात (निघालं १८९९ च्या नोव्हेंबरात, साल छापलं १९००) हे आहेच: जाग येताना मन स्वप्नाची डागडुजी करतं, भेगा बुजवून टाकतं. आम्हाला नेमक्या भेगाच हव्या होत्या. वहीत तीन शब्दांना बंदी: म्हणून, कारण, शेवटी. त्या दिवसापासून नोंदी निम्म्या झाल्या आणि दुपटीने कामाच्या निघाल्या.

२२ डिसेंबर, रविवार

पटकथेचा दिवस. ‘अँ शिएँ आंदालू’ची पटकथा लुईस बुन्युएल आणि चित्रकार साल्वादोर दालीने आठवड्याभरात लिहिली. सुरुवात दोन स्वप्नांतून झाली. बुन्युएलला दिसलं होतं, चंद्राला कापत जाणारा ढग आणि डोळ्याला कापणारा वस्तरा. दालीला दिसला मुंग्यांनी भरलेला हात. नियम एकच ठेवला: ज्या प्रतिमेचं तर्काने स्पष्टीकरण देता येईल ती बाद.

आम्हीही ओट्यावर चहा घेऊन बसलो. एकाने वहीतलं चित्र सांगायचं, दुसऱ्याने तीन आकडे मोजेपर्यंत हो किंवा नाही म्हणायचं. कुणी "म्हणजे काय?" विचारलं तर चर्चा न करता ठेवायचं, आणि कुणी "म्हणजे असं ना, की..." म्हणालं तर फुली. दोन तासांत २३ चित्रांतली पाच उरली: न संपणारा जिना, आत जाता येणारा आरसा, चालणारी अक्षरं, मजघराचं दार उघडल्यावर समोर पाणी, चौकात मावलेला देवमासा.

मगर मला फार हवी होती, झोपाळ्याखाली झोपलेली. आतेभावाने उडवली. गेल्या ऑगस्टच्या पुरात विश्वामित्री नदीतल्या मगरी रस्त्यांवर आल्या, घरांपर्यंत पोचल्या, प्रत्येकाच्या फोनमध्ये तो व्हिडिओ आहे. "लोक विचारतील कुठल्या सोसायटीतली." बडोद्यात मगर हे स्वप्न नाही, पावसाळा आहे. फुली.

५ जानेवारी २०२५, रविवार

शूटिंगचा पहिला दिवस, पूर्ण वाया.

आतेभाऊ म्हणाला, स्वप्न म्हणजे धूर लागणारच. मांडववाल्याकडून धुराचं मशीन आणलं, भाडं १,२००, वर पातळ द्रवाचा डबा ४५०. शिवाय लेन्सपुढच्या काचेला कडेकडेने व्हॅसलिन, म्हणजे कडा विरघळल्यासारख्या दिसतात. नवीन काच आणि डबी मिळून ६०. दहा मिनिटांत चौक भरला, गॅलरीतून धूर रस्त्यावर गेला आणि समोरचे काका "आग लागी के शुं?" म्हणत बादली घेऊन धावत आले. त्यांना चहा पाजला. आत्या खोकत होती, तरी चाळीस मिनिटं चित्रण केलं.

रात्री पाहिलं. हळदीच्या व्हिडिओसारखं दिसत होतं, किंवा मालिकेत नायिकेला जुनं काही आठवतं तसं. आतेभावाला ते आवडलं हीच धोक्याची खूण होती. भांडण झालं. मग तिघांनी बसून १९२९ ची फिल्म पुन्हा पाहिली, या वेळी फक्त प्रकाशाकडे बघत. खोली साधी, उजेड साधा, कॅमेरा घरच्या फोटोला लावावा तसा सरळ. हाताच्या तळव्यातल्या भोकातून मुंग्या येतात तोही हात नीट, स्वच्छ, फोकसमध्ये. अमेरिकन दिग्दर्शिका माया डेरेनने १९४३ मध्ये पतीबरोबर, आपल्याच हॉलिवूडमधल्या घरात केलेल्या ‘मेशेस ऑफ दि आफ्टरनून’मध्येही भर दुपारचं ऊन आहे, पावाची सुरी आहे, फोन आहे. धूर कुठेच नाही.

माझं म्हणणं ताईला पटलं, आतेभावाला महिन्याने पटलं: धूर दिसला की बघणारा सावध होतो, स्वप्न आलं म्हणून मागे टेकून बसतो. झोपेत आपल्याला अशी वर्दी कुणी देत नाही. तिथे सगळं खरंच वाटतं, म्हणून तर घाम फुटतो. १,७१० रुपये आणि एक रविवार गेला. व्हॅसलिनची डबी आत्या टाचांना वापरते आहे.

१२ जानेवारी, रविवार

काहीच झालं नाही. उत्तरायण (इथली पतंगांची संक्रांत) परवावर आलेलं, प्रत्येक गच्चीवर स्पीकर, आकाशात पतंग, चौकात दर पाच मिनिटांनी "कायपो छे". बडोद्यात जानेवारीचे पहिले दोन आठवडे शूटिंग ठरवू नका. वासी उत्तरायण (दुसऱ्या दिवसाचे पतंग) धरून १५ तारखेपर्यंत विसरा.

सांगाडा मात्र घरात बसून जमला. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, १९४४ साली मही नदीच्या मुखाशी आलेल्या माशाचा. लहानपणापासून तो माझ्या स्वप्नात येतो आणि दर वेळी चौकात बरोबर मावतो. तिथे शूटिंगच्या परवानगीच्या भानगडीत न पडता ताईने जुन्या छत्रीचं कापड फाडून काढलं, काड्या अर्धवट मिटल्या, मागून एकच उघडा बल्ब धरला. भिंतीवर बरगड्या पडल्या. बल्ब हळूहळू मागे नेला की बरगड्या आवळत येतात, पुढे आणला की फुगतात, श्वास घेतल्यासारख्या. एलईडीच्या पॅनेलने ही सावली पुसट येते, कारण उजेडाचा पृष्ठभाग मोठा असतो. जुना पारदर्शक काचेचा तारेचा बल्ब शोधा. खर्च शून्य, पहिल्याच टेकमध्ये झालं. संपूर्ण प्रकल्पात एवढं एकच काम सरळ झालं.

१९ जानेवारी, रविवार

मुंग्या. यावर सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त चुका इथे केल्या.

दालीचा हात उचलायचा नव्हता. माझ्या स्वप्नात आत्याच्या आजेसासऱ्यांची किराण्याची वही असते, मोडीत लिहिलेली. मोडी आमच्या घरात आता कुणालाच वाचता येत नाही. अक्षरं एकमेकांना धरून चालायला लागतात आणि पानावरून खाली उतरतात. मोडीचा तो न उचललेल्या बोरूचा गोफ मुंग्यांच्या रांगेसारखाच दिसतो, म्हणून वाटलं सोपं जाईल.

पहिली आणि अक्षम्य चूक: मूळ वही वापरली. अक्षरांवरून गुळाचं पाणी ब्रशने फिरवलं. पान फुगलं, शाई पसरली, तपकिरी डाग कायमचा. आत्या काही बोलली नाही, फक्त वही उचलून आत घेऊन गेली. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं. त्यानंतर झेरॉक्स, ३० रुपयांत पंधरा पानं.

दुसरी: गुळाचं पाणी दाट. सगळ्या मुंग्या एकाच थेंबावर गोळा झाल्या, अक्षराऐवजी पानावर काळा शिक्का. शिवाय आल्या त्या लाल. आतेभावाच्या मनगटाला इतक्या डसल्या की फोन हातातून सुटला. संरक्षक काच तडकली, आतली वाचली. तिसरी: दिवे जवळ. उष्णतेने मुंग्या धावत सुटतात, पळापळ दिसते, चाल दिसत नाही.

जे जमलं ते असं. साखरेचं अगदी पातळ पाणी, बारीक ब्रशने फक्त रेघेवर, ते सुकू द्यायचं. काळ्या मुंगळ्यांचा वारूळ-रस्ता परसात होता, तिथेच पान नेऊन ठेवलं आणि तीन तास वाट पाहिली. काही मुंगळे बरणीत घालून पाच मिनिटं फ्रिजमध्ये ठेवले. थंडीने मंद होतात, मरत नाहीत, नंतर परसात सोडले. तरीही रेघ धरून जेमतेम दोन सेकंदांची चाल मिळाली.

बाकीचं ताईने कागदी अक्षरं कापून केलं. एक फोटो, अक्षरं सुतभर सरकवा, दुसरा फोटो. सेकंदाला १२, पंधरा सेकंदांना १८०, चार तास लागले. खिडकी बंद करून फक्त दिव्यावर करा. आमचे पहिले साठ फोटो ढग आल्यामुळे उजळ-काळे होत राहिले, टाकून द्यावे लागले. मान दुखायला लागल्यावर ताई म्हणाली, "फाळक्यांनी वाटाण्याचं रोप असंच उगवताना दाखवलं होतं." १९१२ सालची गोष्ट, एकेक फ्रेम करून. आणि फाळके इथल्याच कलाभवनात शिकलेले. आतेभाऊ म्हणाला, "त्यांचं रोप आपणहून वाढत होतं."

दोन सेकंद खऱ्या मुंग्या, मग कट न लपवता कागदाची अक्षरं. बघणारा पहिल्या दोन सेकंदांवर विश्वास ठेवतो, पुढचं आपोआप मान्य करतो.

२६ जानेवारी, रविवार

जिना १४ पायऱ्यांचा. आत्या चढते, वर पोचते आणि पुन्हा खालच्याच पायरीवर असते. सकाळी नऊला पहिला भाग घेतला, चहा-नाश्त्यानंतर दुसरा. जोडून पाहिलं तर पहिल्यात कठड्याची सावली डावीकडे, दुसऱ्यात गायब. चौकातलं ऊन अर्ध्या तासात दोन पायऱ्या सरकतं. उपाय: ट्रायपॉडच्या पायांना खडूच्या खुणा, फोनचं एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक, आणि सगळे टेक सव्वाअकरा ते पावणेबारा याच वेळात. जोड आत्याच्या काळ्या पदरात लपवला: लेन्सवरून पदर गेला की पडदा काळा होतो, तिथे कापायचं.

मग डेरेनसारखं घर हलवायला गेलो. कॅमेरा एका बाजूला कलंडवायचा आणि त्याच वेळी नटाने भिंतीवर आदळायचं, म्हणजे घर जहाजासारखं डुलतं. आमचं काही डुलेना. सात टेक झाल्यावर कळलं: जिन्यावर वायरला लोंबता बल्ब. घर खरंच कलंडलं असतं तर वायर सरळ खाली लोंबली असती. ती भिंतींबरोबरच कलंडत होती आणि सगळं बिंग फोडत होती. बल्ब काढला, आत्याचा पदर पिनांनी पोटाशी बांधला, आठव्या टेकला वाडा डुलला. आत्याला चक्कर आली ती मात्र खरी. लिंबू-सरबत, सुट्टी.

२ फेब्रुवारी, रविवार

आरसा. फ्रेंच कवी-दिग्दर्शक झाँ कॉक्तोच्या १९३० च्या फिल्ममध्ये कवी आरशात शिरतो, तेव्हा आरशाच्या जागी पाणी असतं आणि सेट आडवा केलेला असतो. आम्ही प्लाय आणि पट्ट्यांचा ४ फूट बाय अडीच फुटांचा उथळ हौद केला, १,१०० रुपये. आत काळी ताडपत्री, ३८०. सहा इंच पाणी म्हणजे साधारण १४० लिटर. आमच्याकडे नळ सकाळी येतो आणि जातो. बादल्यांनी भरेपर्यंत नळ गेला, आणि भरल्यावर कळलं की कोपऱ्यात खिळा ताडपत्रीतून वर आलाय. तासाभरात चौकात तळं. खिळ्यांची डोकी आधी आतून हाताने चाचपा.

दुपारी टाकीतलं पाणी घेतलं (आत्याला सांगितलं नव्हतं, हे तिला संध्याकाळी भांडी घासताना कळलं). कॅमेरा गॅलरीतून सरळ खाली बघणारा. पाण्यात काय दिसलं? गॅलरी, फोन, वाकलेला आतेभाऊ आणि वर निळं आकाश. काळी चादर आडवी बांधून तिला भोक पाडलं, भोकातून लेन्स. आत्या बाकावर पालथी, हात पाण्यावर. उभी असल्याचा भास हवा, पण केस आणि मंगळसूत्र पाण्याकडे, म्हणजे पडद्यावर आरशाकडे ओढल्यासारखे. केसांना तेल लावून घट्ट अंबाडा, मंगळसूत्र चिकटपट्टीने छातीशी. हात आत घालताना हळू घालायचा. शिंतोडे उडाले की पाणी ओळखू येतं. नववा टेक. बोटं काचेत बुडतात आणि काच वर्तुळाने थरथरते. आत्याने स्वतः पाहिलं आणि म्हणाली, "हा माझा हात वाटत नाही रे."

९ फेब्रुवारी, रविवार

पहाटे साडेसहाला सूरसागर. मजघराच्या दारापलीकडचं पाणी म्हणून हवं होतं, पण तळ्याच्या मधोमध शंकराची भली मोठी मूर्ती आहे. ती फ्रेममध्ये आली की दृश्य भक्तिपट होतं. तीन बाजूंना फिरून एक कोन सापडला, नुसतं पाणी आणि कठडा. वीस मिनिटांत आटोपलं.

१६ आणि २३ फेब्रुवारी

संकलन. पहिला कच्चा मसुदा नऊ मिनिटांचा. ओळखीच्या चौघांना दाखवला. चौघंही एकच म्हणाले: "म्हणजे तिचे यजमान गेलेत, ना?" आमच्या डोक्यात असं काही नव्हतं. शोधत गेल्यावर सापडलं: जिन्याच्या वळणावर भिंतीवर हार घातलेला फोटो, पडद्यावर जेमतेम तीन सेकंद. तेवढ्या खुंटीवर सगळ्यांनी सगळं टांगलं: आरसा म्हणजे आठवण, पाणी म्हणजे अश्रू, मुंग्या म्हणजे मृत्यू. तीन सेकंद कापले. पुढच्या तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या, चौथ्याने काहीच सांगितलं नाही, नुसता रात्री उशिरा मेसेज केला की आमच्या जुन्या घरालाही असाच जिना होता.

आतेभावाने घातलेले ११ डिझॉल्व्ह काढले. विरघळत जाणारा जोड म्हणजे संकलनातला धूरच. दार उघडतं, थेट पाणी. ताट, थेट घागरीचं तोंड. नऊची सहा मिनिटं झाली.

आवाजावर दोन संध्याकाळी गेल्या. आधी तानपुरा लावला, लगेच योगवर्गाची जाहिरात. १९२९ च्या पहिल्या खेळाला बुन्युएलने पडद्यामागे ग्रामोफोनवर आलटून पालटून वॅग्नरचं संगीत आणि टँगो वाजवला होता. प्रेक्षक खवळले तर फेकायला खिशात दगडही होते म्हणे. आम्ही वाड्यातलेच आवाज घेतले, फक्त चुकीच्या वस्तूंना दिले. जिन्याच्या पावलांना कबुतरांची घुमघुम, दाराला कुकरची अर्धवट शिट्टी, आरशाला मिक्सर थांबतानाचा उतरता सूर. इयरफोनच्या माइकवर घेतलेलं सगळं खरखरलं. उसना रेकॉर्डर आणल्यावर एका तासात झालं. तो पहिल्याच दिवशी मागायला हवा होता.

२ मार्च, रविवार

चौकात चादरीवर खेळ, तिसेक शेजारी. प्रोजेक्टरचं भाडं ९००. खिशात दगड नव्हते, नंतर सेवउसळ होती. मुंग्यांच्या वेळी पुढची लहान मुलं पाय वर घेऊन बसली. समोरचे काका, बादलीवाले, संपल्यावर म्हणाले, "आमां धुमाडो क्यां छे?" धूर दिसेल म्हणून आले होते बिचारे.

हिशेब: धूर आणि व्हॅसलिन १,७१०, हौद १,४८०, गूळ-साखर ४०, झेरॉक्स ३०, मेमरी कार्ड ७५०, रिक्षा ५२०, प्रोजेक्टर ९००, चहा-नाश्ता आणि सेवउसळ २,९००. एकूण ८,३३०, म्हणजे बजेटच्या ३,३३० वर. तडकलेली काच आतेभावाने स्वतःच्या खिशातून बदलली, धरलेली नाही. शूटिंगच्या पहिल्या दिवसापासून मोजलं तर पडद्यावर एक मिनिट यायला साधारण दीड रविवार लागला.

हौद अजून चौकात आहे, आत्या त्यात कुंड्या ठेवते. किराण्याची वही तिने कपाटात वरच्या फळीवर ठेवली आहे. डागाचं पान वाळलं, पण कपाट उघडलं की मुंग्यांची एक बारीक रांग फळीवरून वहीकडे जाताना दिसते. हळद टाकून पाहिली, लक्ष्मणरेषा ओढून पाहिली. येतात.